ढकललेले दिवस

पिऊ लागलेल्या मुलाला घरची वडीलमंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात : "पुढचा काही विचार केला आहेस काय?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्या मुलाचे 'पुढे' कितपत उरले आहे, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

काळाकडे पाहण्याची दृष्टी आणि व्यसन यांचा संबंध अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये अडीच हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतून मांडला. ज्यांचे मन वर्तमानातच अडकलेले, त्यांच्यात मद्यसेवन अधिक आढळले. या वर्तमानाचेही झिंबार्डो यांनी दोन प्रकार मानले : एक मौजेचा, दुसरा हताश दैववादाचा. पहिला चटकन डोळ्यांत भरतो. आम्हांला चिंता वाटते ती दुसऱ्याची.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद येथील आपली मुले बिदरला किंवा 1980 साली स्थापन झालेल्या गुलबर्गा विद्यापीठात शिकावयास जातात. शिक्षण संपत येते आणि नोकरभरतीच्या जाहिरातीची वाट पाहणे सुरू होते. मराठी शाळेतून आलेल्यास कन्नडचा पेपरही आडवा येतो. आज निघेल, उद्या निघेल म्हणता वर्ष सरते. 'दिवस ढकलणे' हा आपल्या भाषेतला प्रयोग किती नेमका आहे! दिवस कसाबसा ढकलला जातो, संध्याकाळ ढकलत नाही. बाटली शिरते ती तेथेच. 2007 च्या जुलैत कर्नाटकाने अरकावर बंदी घातली, पण रिकाम्या संध्याकाळीवर बंदी कोण घालणार?

मग वर्तमानालाच दोष द्यावा काय? 1935 पासून चालत आलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मंडळींत तर 'फक्त आजचा दिवस' न पिण्याचा निश्चय करतात. तोही वर्तमानच, पण तो ढकललेला नसतो, मोजलेला असतो. संध्याकाळी सभेला जावयाचे असते, तेथे कोणी वाट पाहत असते.

म्हणून घरच्यांनी पाच वर्षांनंतरचे विचारण्याऐवजी येत्या रविवारचे विचारावे, असे आम्ही सुचवितो. (रोज सकाळी हात थरथरण्यापर्यंत मजल गेली असेल, तर मात्र दारू एकाएकी तोडावयास लावू नये, त्यात जिवाला धोका असतो. आधी डॉक्टर गाठावा.) "तुरीची रास शनिवारी आहे, मापाचा हिशेब तूच लिहावयाचा आहे, पहाटेच्या गाडीने ये," एवढा निरोप पुरे. आणि तो आला की त्या दिवशी नोकरीचा विषय काढू नये.