चादर उलटी करून पाहा

उज्जैनला महाकालाचे दर्शन घेऊन बाहेर पडलो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेले हे देऊळ, त्यामुळे आम्हां गोवेकरांना ते उगाचच घरचे वाटते. त्याच भरात सौ.ने जवळच्या एका दुकानात बाटिकची तांबडी चादर घेतली. लेबल झकास! सोनेरी अक्षरे, बोधचिन्ह, शेजारी 'टीएम'. एवढे छापले आहे म्हणजे माल अस्सल असणार, असे मलाही वाटले.

दुपारी कालभैरवाला गेलो (या देवाला मद्याचा नैवेद्य लागतो, आपल्या फेणीची आठवण झालीच!) आणि तिथून भैरवगढला, जिथे बाटिकचे काम चालते. एका कारागिराने आमची चादर हातात घेतली, उलटी केली आणि नुसता हसला. मागची बाजू फिकी होती. बाटिकची नक्षी वितळलेल्या मेणाने काढतात आणि मग कापड रंगात बुडवतात. मेण असते तिथे रंग चढत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. कापड बुडवलेले असल्यामुळे रंग दोन्ही अंगांनी दिसतो. मेणाला तडे जातात, त्यांत रंग शिरून बारीक रेघा उमटतात आणि त्या कधी एकसारख्या येत नाहीत. आमच्या चादरीवर प्रत्येक फुलावर तीच रेघ, त्याच जागी! सगळी छपाई.

मी कारकून माणूस. दिवसभर कागदांवर आवकचा शिक्का मारतो. अर्ज अमुक तारखेला आला एवढेच तो शिक्का सांगतो. अर्जातला मजकूर खरा की खोटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. ट्रेडमार्कचेही तसेच. 'टीएम' कोणीही लावू शकतो. 1999 च्या कायद्याखाली नोंदणी झाली तरी ते नाव अमक्याचे, एवढेच ठरते. धागा कसला, रंग पक्का की कच्चा, हे नोंदणी करणारा तपासत नाही.

मग नावाला काहीच अर्थ नाही का? आहे की! घरी आम्ही वर्षानुवर्षे एकाच कंपनीचा चहा घेतो. तो बिघडला तर पुढच्या महिन्यात दुसरा आणू, हे कंपनीला ठाऊक असते. गिऱ्हाईक परत येणार, या धाकावरच नाव टिकते. उज्जैनचा यात्रेकरू कुठे परत येतो? सिंहस्थ 2016 साली झाला, पुढचा 2028 चा. बारा वर्षांनी कोण चादर घेऊन भांडायला जाणार!

उज्जैनच्या बाटिकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याच्या काजूलाही त्याच वर्षी मिळाले, फेणीला तर 2009 मध्येच. आनंदच आहे. पण बाहेरचा काजू 'गोव्याचा' म्हणून पर्यटकाच्या गळ्यात मारला जातो, तेव्हा आपण त्याच्या भोळेपणाला हसतो. उज्जैनात तो पर्यटक मी होतो.

खाज्यांना मानांकन मिळाले, पण आमच्या जत्रेत ते कोण विचारतो? वडिलांच्या वेळेपासून ठरलेला खाजेकार आहे. आले कमी पडले, गूळ काळवंडला, तर पुढच्या वर्षी त्याला तोंडावर ऐकवतो. तो "अवंदा खावन पळय" म्हणत एक खाजे हातावर ठेवतो. पुडीवर नाव ना चिन्ह, पण माणूस समोर बसलेला असतो.

भैरवगढहून आम्ही दुसरी चादर आणली. तिच्यावर लेबल नाही. सौ. मात्र आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही प्रत्येक कापड आधी उलटे करून पाहते, दुकानदार कितीही कंटाळला तरी.