कुलूपबंद तबकड्या

सातपूरला, औद्योगिक वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर, एका निवृत्त टर्नरच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी आठदहा माणसे जमतात आणि जॅझच्या तबकड्या ऐकतात. जमणाऱ्यांत एक औषधविक्रेता आहे, दोन कारखान्यांतील पर्यवेक्षक आहेत, एक शिक्षिका आहेत, अभियांत्रिकीची दोन मुले आहेत आणि इंग्रजी शिकविण्यात हयात घालविलेला प्रस्तुत लेखकही आहे. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. रिवाज एवढाच की, प्रत्येकाने एक तबकडी आणावी, ती का आणली हे दोन वाक्यांत सांगावे, तिची एक बाजू लावावी, आणि ती बाजू संपेपर्यंत कोणी तोंड उघडू नये. चहा मध्यंतरात मिळतो.

मागील खेपेस या बैठकीस एक नवे गृहस्थ आले. त्यांनी आणलेली तबकडी पारदर्शक वेष्टनात जशीच्या तशी बंद होती. ती हातोहात फिरली. वेष्टनावरील छायाचित्राची वाखाणणी झाली. त्यांनी ती कोठून, किती सायासांनी आणि किती रुपयांस मिळविली हे सविस्तर कथन केले. यजमानांनी स्वाभाविकपणे हात पुढे केला, तेव्हा गृहस्थ चपापले. "छे, छे, ही लावायची नाही हो! वेष्टन फाडलं की किंमत निम्मी होते." मग ती सहीसलामत पिशवीत परत गेली. तिच्यातील एकही सूर आम्हा कोणाच्या, किंवा त्यांच्याही, कानी पडला नाही.

या प्रसंगावर तेथे कोणी काही बोलले नाही. आपल्याकडे पाहुण्याला टोकण्याची पद्धत नाही. परंतु जे तेथे बोललो नाही ते येथे बोलणे मला प्राप्त आहे. कारण हा रोग त्या एका गृहस्थाचा नव्हे. अलीकडे तबकड्यांचा शौक पुन्हा वाढला आहे ही आनंदाची गोष्ट. पण शौकीन मंडळींचे संभाषण ऐकावे तर ते सराफकट्ट्यावरचे वाटते. पहिली आवृत्ती कोणती, छाप कोणत्या देशाची, कोपरा दुमडलेला की शाबूत, आणि शेवटी भाव काय. त्या तबकडीतील ट्रंपेटवाला दुसऱ्या कडव्यात काय करतो, हे विचारणारा अरसिक ठरतो! पुस्तके न वाचता कातडी बांधणीत मांडून ठेवणाऱ्या संस्थानिकांची आपण एके काळी थट्टा करीत होतो. त्यांच्या गादीवर आता आपणच जाऊन बसलो आहो.

त्यांच्या बाजूने म्हणण्याजोगे जे आहे ते प्रथम मान्य करतो. तबकडी वाजविल्याने झिजते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांवर पोलादी सुई आणि जड ध्वनिशीर्ष चाले. दर बाजूस सुई बदलावी असा दंडक होता आणि तो न पाळणाऱ्यांनी कित्येक उत्तम तबकड्यांचा भुगा केला. परंतु १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची विनाइलची तबकडी काढली तेव्हापासून हा भयाचा बाऊ पुष्कळ अंशी निराधार झाला आहे. आजच्या नीट जुळविलेल्या सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. तबकडी स्वच्छ असेल आणि सुई झिजलेली नसेल, तर ती शेकडो वेळा ऐकता येते. उलट कपाटात एकीवर एक आडव्या रचलेल्या तबकड्या नाशिकच्या उन्हाळ्यात वाकतात आणि पावसाळ्यात त्यांस बुरशी चढते. वाजविणारा निदान महिन्याकाठी त्या पुसतो तरी.

खरी गोष्ट ही की, कुलूप झिजेच्या भीतीने लागत नाही. मालकीच्या सुखाने लागते. हे सुख आम्हा महाराष्ट्रीयांस नवे नाही. चीज लपविणारे उस्ताद आणि बुवा यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादियाखाँ १९४६ साली मुंबईस वारले. तोवर या देशात ध्वनिमुद्रणास चाळिसांहून अधिक वर्षे लोटली होती, तरी त्यांच्या गायकीची एकही तबकडी बाजारात आली नाही. आज आपण केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या गाण्यातून गुरूचा अंदाज बांधतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन याची गत तीच. जॅझचा आद्य पुरुष म्हणून त्याचे नाव घेतात, पण त्याचे कॉर्नेट कसे वाजे हे सांगणारी एकही मुद्रिका उपलब्ध नाही. त्याच शहरातील फ्रेडी केपर्डविषयी आख्यायिका आहे की, तबकडी काढल्यास इतर वादक आपली कला चोरतील या धास्तीने त्याने कंपनीस नकार दिला. १९१७ साली जॅझची म्हणून पहिली तबकडी निघाली ती 'ओरिजिनल डिक्सिलँड' या गोऱ्या वादकांच्या वृंदाची! चोरीला भिणाऱ्याचा मान असा दुसऱ्यास गेला.

आणि ज्यांनी ऐकू दिले त्यांचे काय झाले? त्या गोऱ्या वृंदाच्या तबकड्या थोरल्या भावाने घरी आणल्या, त्या ऐकून आयोवातील बिक्स बायडरबेक नावाचा पोरगा कॉर्नेट शिकला. १९३७ च्या उन्हाळ्यात चार्ली पार्कर, वय वर्षे सोळा, ओझार्क डोंगरांत नोकरीस गेला तेव्हा लेस्टर यंगच्या तबकड्या बरोबर घेऊन गेला आणि त्यांतील सॅक्सोफोनचे तुकडे घोटून परतला; त्याने पुढे जॅझची भाषाच बदलली. गुरुकुल नाही, गंडा नाही, गुरुदक्षिणा नाही. एक सुई आणि पुनःपुन्हा मागे नेलेला हात. तबकडी ही या कलेत निव्वळ स्मरणिका नसून पाठशाळा आहे. पाठशाळेला कुलूप घालणारास आपण काय म्हणतो?

येथे माझ्या एका विद्वान स्नेह्यांचा आक्षेप आडवा येतो. ते रागसंगीताचे जाणकार, आणि त्या अधिकाराने ते मला म्हणतात, "प्राध्यापकसाहेब, लपवोत बापडे! ते हॉटेलातले, परक्यांचे संगीत. आपल्या घरी मल्हार असता दुसऱ्याच्या दारी कशाला जाता?" वरवर पाहता हे आणि तबकडी न उघडणारे गृहस्थ परस्परांच्या विरुद्ध टोकांस उभे दिसतात, माझ्या मते ते सख्खे चुलतभाऊ होत. एक म्हणतो 'ही माझी', दुसरा म्हणतो 'ही आपली नव्हे'. दोघांचेही लक्ष सातबाऱ्याच्या उताऱ्यावर. पिकाकडे कोणाचेच नाही.

शिवाय उताराच काढावयाचा म्हटला तर तो माझ्या स्नेह्यांस गैरसोयीचा निघेल. ७८ फेऱ्यांची तबकडी ज्या लाखेची बनत असे ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या पळसाकुसुमांच्या झाडांवरून, जगभर जाई. आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट ज्या द्रव्यात कोरला गेला त्यात आपल्या जंगलातला चिकटा आहे! पण हा विनोद राहू द्या. १९३५ साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला; त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि १९३६ साली स्मिथच्या वृंदाने मुंबईतच तबकड्या भरल्या. त्यांच्याजवळ बसून, आणि त्याहूनही अधिक परदेशी तबकड्या कानाशी लावून, गोव्याची पोरे शिकली. बार्देशातील हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत गाजला. ट्रंपेटवरचा त्याचा आदर्श आर्मस्ट्राँग. याच चिक चॉकलेटची जोडी पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी जमली. १९५१ सालचा 'अलबेला' आठवावा. संगीत चितळकरांचे, चित्रपट गिरणीकामगाराच्या घरात वाढलेल्या भगवानदादा पालवांचा, आणि पडद्यावर सवाद्य उभा चिक चॉकलेटचा वृंद. त्या चित्रपटाच्या गाण्यांवर गणेशोत्सवाच्या मांडवात माझ्या स्नेह्यांचे वडीलही ठेका धरीत असतील. तीच चाल पडद्यावर आली की आपली, आणि मूळ तबकडीवर ऐकली की परकी, हा न्याय मला समजत नाही.

व्यापार एकमार्गीही नव्हता. १९५५ साली अलीअकबरखाँ यांची दीर्घ मुद्रिका न्यूयॉर्कमध्ये निघाली. रविशंकरांच्या तबकड्या जॉन कोल्ट्रेनने इतक्या मन लावून ऐकल्या की १९६१ साली त्याने आपल्या एका रचनेस 'इंडिया' हे नाव दिले, आणि पुढे मुलाचे नाव रवी ठेविले. त्याच्या एखाद्या शेजाऱ्याने 'आपल्या घरी ब्लूज असता' असे म्हणून त्याचे हात धरले असते तर बरे झाले असते काय?

जॅझच्या तबकड्यांकडून आम्ही शिकावे असे आणखी एक आहे, आणि ते सातपूरच्या बैठकीत मला प्रथम उमगले. वेष्टनाच्या पाठीवर वाजविणाऱ्या प्रत्येकाचे नाव असते. ढोल वाजविणारा कोण, बास कोणाचा, मुद्रण कोणत्या दिवशी झाले; ब्लू नोट कंपनीच्या वेष्टनावर तर रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाचेही नाव. यजमान ती नावे मोठ्याने वाचून दाखवितात. आयुष्यभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला, जोडकामात कोणी काय केले हे नोंदविण्याचे महत्त्व प्राध्यापकांहून अधिक कळते. आता आपली चित्रपटगीतांची तबकडी घ्या. गायक, संगीतकार, कवी, चित्रपट. ज्यांनी त्या गाण्यांची वाद्यरचना लिहिली ते सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, ही गोव्याची माणसे त्या लेबलावर कोठे आहेत? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७७ सालच्या एका चित्रपटातील पात्राला दिल्यामुळे! खयालाच्या जुन्या तबकड्यांवर तबलजीचे नावही पुष्कळदा नसते. ही नावे आज जी थोडीबहुत हाती आहेत ती पदरमोड करून तबकड्या जमविणाऱ्या आणि त्या ऐकवीत फिरणाऱ्या माणसांमुळे. मुंबईस १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने हेच केले; संग्राहकांनी आपली माहिती एकमेकांस द्यावी म्हणून नियतकालिक चालविले आणि गावोगाव श्रवणाच्या बैठका घेतल्या. संग्राहक हा शब्द मला त्यांच्यासाठी राखून ठेवावासा वाटतो. बाकीच्यांस साठेबाज म्हणावे.

कोणी म्हणेल, आता सर्वच दूरध्वनीच्या यंत्रात फुकट ऐकावयास मिळते, मग ही कटकट कशाला? मिळते, पण सर्व मिळत नाही. आणि जे मिळते ते प्रत्येक जण कानांत बोंडे घालून एकेकटा, अर्धवट, पुढचे पुढचे करीत ऐकतो. तबकडीची बाजू वीसबावीस मिनिटांची. ती आठ माणसांना एका खोलीत गप्प बसविते. ज्याला ती आवडली नाही त्यालाही संपेपर्यंत उठता येत नाही, आणि पुष्कळदा अखेरच्या पाच मिनिटांत त्याचे मत फिरते. माझे स्वतःचे मत थेलोनियस मंकविषयी असेच फिरले; त्याचा पियानो पहिल्या बाजूस मला पायरी चुकलेल्या माणसासारखा वाटला होता.

हे सारे मी तिऱ्हाइतासारखे लिहीत आहे असे कोणी समजू नये. माझ्या एका सहाध्यायी प्राध्यापकांपाशी तबकड्यांचा मोठा संग्रह होता. मी पंचवीस वर्षे त्यांच्या घरी जात असे. त्यांच्या कपाटाची काच पाहिली, आतील गाणे ऐकले नाही. ते कधी 'ऐकता का?' म्हणाले नाहीत, आणि संकोचाने मीही कधी 'ऐकवा' म्हटले नाही. या दुसऱ्या अपराधाची टोचणी मला अधिक आहे. ते वारल्यावर जागा रिकामी करावयाची निघाली. मुलांनी वडिलांना त्या तबकड्या वाजविताना ओझरते पाहिले असेल तेवढेच. त्यांत काय आहे, हे त्यांस ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. भंगारवाल्याने वजनावर नेल्या. मला कळले तेव्हा आठ दिवस लोटले होते. मुलांस मी दोष देत नाही. जे त्यांस कोणी ऐकविले नाही त्याची किंमत त्यांनी कशी ओळखावी? त्या कपाटात काय होते याची यादीही आज कोणाजवळ नाही.

गेल्या रविवारी त्यांची कन्या सातपूरला आल्या. कपाट हलविताना मागे पडलेल्या दोन तबकड्या त्यांस सापडल्या होत्या, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. एक भावगीताची, दोन तुकडे झालेली. दुसरी आर्मस्ट्राँगची, ७८ फेऱ्यांची, काठापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर गेलेली. यजमानांनी ती ओल्या फडक्याने पुसली, सुई बदलली आणि लावली. सव्वातीन मिनिटे दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज येत होता आणि ट्रंपेट त्याच्या वरून चालले होते. संपल्यावर बाईंनी विचारले, पुन्हा लावता येईल का? लावली.