घर आणि दुकान

नागपूरच्या महाल भागात तुम्ही कधी गेला आहात का? गांधी गेटमधून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजातून आत शिरले, की भोसल्यांच्या काळापासूनची वस्ती सुरू होते. मुख्य रस्ता सोडून गल्लीत वळा. खाली दुकान आणि वर घर, अशी कितीतरी घरे दिसतील. कोठे शिलाई यंत्र चालू असते, तर कोठे चक्की. दुकान, बाजार, मोहल्ला, परवाना हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहेत. यांपैकी परवान्याविषयी मला थोडे सांगायचे आहे.

समजा, अशा एका गल्लीत राहणाऱ्या बाईंनी पुढच्या खोलीत शिवणकाम सुरू केले. काम वाढले, म्हणून त्यांनी पगार देऊन दोन मुली मदतीला ठेवल्या आणि बाहेर पाटी लावली. घर त्यांचे, यंत्र त्यांचे. मग परवानगी कशाला? पण १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे राहत्या घराचा वापर बदलायचा असेल, तर परवानगी लागते. घरातल्याच माणसांनी, पगारी मदतनीस न ठेवता केलेल्या शिवणकामाला मोकळीक आहे. दोन मुली आल्या, की प्रश्न उभा राहतो.

२०२० साली राज्य शासनाने मुंबई वगळून बहुतेक शहरांसाठी बांधकामाची एकच नियमावली मंजूर केली. नागपूरही तिच्यात आले. तिच्यात रस्त्याच्या रुंदीवर बरेच काही ठरते. दाट वस्तीत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर दुकानांना मुभा कमी, रुंद रस्त्यावर जास्त. नऊ मीटर म्हणजे सुमारे तीस फूट. महालात अशाही गल्ल्या आहेत, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला थांबावे लागते! केळीबाग रस्ता रुंद करताना कडेची जुनी घरे व दुकाने पाडावी लागली. प्रत्येक गल्लीचे असे करता येणार नाही, आणि करूही नये.

हा नियम उगाच केलेला नाही. अरुंद गल्लीत आग लागली, तर अग्निशामक दलाची गाडी आत जाणार कशी? म्हणून तेथे रंग, रसायने किंवा फटाके यांचा साठा नकोच. पण रुंदीने सगळेच मोजता येत नाही. शिलाई यंत्राचा त्रास शेजाऱ्याला कितीसा होतो? उलट, भिंतीपलीकडे आजारी म्हातारा माणूस झोपलेला असेल आणि अलीकडे रात्री दहापर्यंत चक्की घरघरत असेल, तर रस्ता कितीही रुंद असून काय उपयोग? तेथे "पोटाचा प्रश्न आहे" एवढे म्हणून भागत नाही. माझ्या मते आवाज, धूर, आगीची भीती आणि गर्दी या गोष्टी आधी पाहाव्यात, शेजाऱ्यांना विचारावे आणि मग रस्ता मोजावा. गल्लीच्या तोंडाशी छोटे किराणा दुकान असलेले मला तरी आवडते. रात्री तेथे दिवा असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे कोणाचे तरी लक्ष असते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. २०१७ च्या दुकानविषयक कायद्याने थोडे कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देणे पुरेसे ठरवले. काम सोपे झाले, हे चांगलेच. सूचना दिल्याची पावती मिळाली, की बाईंना वाटते, आता सगळे झाले. पण हा कायदा कामगारांची नेमणूक आणि कामाच्या अटी यांसाठी आहे. घरात दुकान चालेल की नाही, हे त्या पावतीने ठरत नाही. ही गोष्ट पावती देतानाच, सोप्या भाषेत का सांगू नये? पुढे नोटीस आली, की पहिली शिक्षा त्या दोन मुलींना होते. त्यांचे काम जाते.

तुमच्या घराखाली दुकान असेल, तर भिंतीवर टांगलेला कागद एकदा नीट वाचून पाहा. तो कामगारांविषयीचा आहे, की जागेविषयीचा?