विसरण्याच्याही आधी

फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झालेली आउगुस्टे डेटर ही अल्झायमरची पहिली नोंदलेली रुग्ण. वय ५१. तिच्या बाबतीत आधी लक्षात आला तो विसराळूपणा नव्हे. ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली होती. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तशी नोंदही करून ठेवली. तरी आपण डिमेन्शिया म्हणजे विसरणं, एवढंच धरून बसलो आहोत. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, की घरात काळजी सुरू होते. स्वभाव पालटला तर मात्र ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय संपतो.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात गाठतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असते. बिघडते ती रीतभात. आयुष्यभर मोजूनमापून बोललेला माणूस लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना नको ते ऐकवतो, जवळचं कुणी गेलं तरी त्याला काही वाटत नाही, डबे हुडकून गोड खातो. तारीख-वार विचारा, चटकन सांगेल. मग तपासणीत तो पास होतो आणि ‘तुम्हीच फार मनाला लावून घेता’ हे बायकोला ऐकावं लागतं. भारतात ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज साठी ओलांडलेल्यांचा आहे. पन्नाशीतला हा गृहस्थ त्या हिशेबातसुद्धा नाही.

लेवी बॉडी डिमेन्शियाची चाहूल पुष्कळदा झोपेत लागते. स्वप्नातल्या मारामारीच्या लाथा शेजारी झोपलेल्याला खऱ्याच बसतात, कधी कधी विस्मरणाच्या कित्येक वर्षं आधी. पुढे खोलीत नसलेली मुलं, जनावरं दिसू लागतात. सकाळी नीट गप्पा मारणारा माणूस दुपारी हरवल्यासारखा होतो. कुणी ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून अंगारा लावतं. कुठे भास थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखं अँटिसायकोटिक दिलं जातं. यातलं दुसरं अधिक घातक, कारण या रुग्णांना असं औषध प्रसंगी जिवावर बेततं. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना मे २०१४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान मिळालं. लेवी बॉडी हे नाव ऑगस्टमधल्या मृत्यूनंतर, शवविच्छेदनातून पुढे आलं. त्याआधी धास्ती होती, झोप उडाली होती. धास्तीवर दिलेल्या अँटिसायकोटिकने काही बाबतीत फारच बिघडवलं, असं त्यांच्या पत्नीने २०१६ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात लिहिलं.

नुसत्या वागण्यावरून निदान होत नाही, हे खरंच. नैराश्य, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, हे सगळं आधी तपासावं लागतं. दोन दिवसांतच माणूस बदलला तर संसर्ग शोधावा.

पण विचारणार कोण? ओपीडीत घरच्यांना बाजूला बसवून तीन-चार प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात: झोपेत ओरडतात का, पैसे उधळतात का, दुसऱ्याचं दुःख कळेनासं झालंय का? उत्तरांवर औषध बदलतं. डोनेपेझिल लेवी बॉडीत बऱ्याचदा उपयोगी पडतं. फ्रंटोटेम्पोरलमध्ये त्याचा फायदा दिसत नाही, उलट चिडचिड वाढू शकते.