चौघांची एक चाल

आमच्या वसाहतीतली चारपाच पोरे रात्री जिन्यात एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलेली दिसली, तेव्हा क्रिकेटच असणार असे समजून आम्ही पुढे निघालो होतो. पण पडद्यावर चिखलाने माखलेली चार माणसे होती, तीन पुरुष आणि एक बाई. अंधारात गुडघाभर पाण्यातून चालली होती आणि मागच्याच्या कमरेची दोरी पुढच्याच्या पाठपिशवीला बांधलेली होती. 'काका, ही शर्यत आहे,' एकजण म्हणाला. आम्हीही पायरीवर बसलो, आणि घरी जेवण निवले ते निवलेच.

ती शर्यत म्हणजे इको-चॅलेंज. मार्क बर्नेट या गृहस्थाने १९९५ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात ती सुरू केली. २००२ नंतर ती बंद पडली आणि २०१९ मध्ये फिजी बेटांवर पुन्हा भरली. पोरे पाहत होती ते तिचेच चित्रण, २०२० साली दाखवलेले. अंतर ६७१ किलोमीटर, मुदत अकरा दिवस, देश तीस, संघ सहासष्ट. शिडाच्या होडीतून समुद्र ओलांडायचा, डोंगर पायी तुडवायचे, सायकल हाकायची, बांबूचा तराफा स्वतः बांधून नदीत सोडायचा, धबधब्याशेजारच्या कड्यावर दोराने चढायचे. रात्र झाली म्हणून घड्याळ थांबत नाही. मोबाईल किंवा दिशा सांगणारे यंत्र जवळ ठेवायचे नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र, बस्स! आपल्या देशाचाही एक संघ त्यात उतरला होता. २०१३ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणी त्यात होत्या, हे आमच्या भगिनीवर्गाने मुद्दाम ध्यानात घ्यावे.

पण आम्हाला धरून ठेवले ते या शर्यतीच्या एका नियमाने. संघ चौघांचा, त्यात स्त्री आणि पुरुष दोन्ही हवेत, आणि चौघांनी सतत बरोबर राहायचे. एकाने शर्यत सोडली की चौघेही बाद. तिघे कितीही ताजेतवाने असोत, उपयोग शून्य. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. आमच्या डोक्यात लगेच हिशेब मांडला गेला, की इथे संघाचा वेग म्हणजे चौघांची सरासरी नव्हे. त्या घटकेला जो सर्वांत थकलेला, त्याचा वेग तोच सर्वांचा.

म्हणूनच या मंडळींचा सराव साध्या धावपटूंच्या सरावासारखा नसतो. पाय आणि दम कमवावे लागतातच. तासन्तास सायकल चालवून उतरल्या उतरल्या धावायचे, याला ते लोक 'ब्रिक' म्हणजे वीट म्हणतात. सायकलवरून उतरलेले पाय कसे होतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला नाव पटेल. बहुतेकांना आपापल्या नोकऱ्या असतात, म्हणून आठवड्याचा सराव ज्याने त्याने आपल्या सोयीने करायचा आणि सुट्टीला चौघांनी जमायचे. खरा सराव तो. दिवसभर राबून रात्रभर चालायचे, कारण झोप नसताना माणूस कसा वागतो हे आधी कळलेले बरे. कुणी चिडतो, कुणी मुका होतो, कुणाला झाडाच्या जागी माणूस दिसू लागतो. नकाशा एकाच्या हाती असला तरी दुसऱ्याने तो तपासायचा. झोपाळलेल्या डोळ्यांनी एक ओढा चुकला तर चौघांच्या पायांवर काही तासांचा बोजा पडतो. भूक लागण्याआधी खायचे, तेही चालता चालता, आणि शेजारच्याने खाल्ले की नाही ते विचारायचे. संधी मिळेल तिथे ओले मोजे काढून पाय कोरडे करायचे. फिजीत पाऊस आणि नद्या इतक्या, की पायाची कातडी भिजून सोलवटणे हे अनेकांचे मोठे दुखणे ठरले.

आणि ती दोरी. ती रबरासारखी ताणणारी असते. ज्याच्यात दम आहे तो पुढे राहतो, जो थकला तो मागे अडकवून घेतो, सायकलवरसुद्धा. जड पिशवी दुसऱ्याने उचलायची, हाही सरावाचाच भाग. ओढणे त्यामानाने सोपे. अवघड असते ते तोंडाने म्हणणे, की मी थकलो, मला दोरी द्या. तेही वेळेवर, कोसळल्यावर नव्हे.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी कचेरीतल्या मंडळींबरोबर आम्ही लोणावळ्याहून राजमाचीला पायी निघालो होतो. पहिल्या तासाभरातच टाचेला फोड आला. चारचौघांत कसे सांगायचे, म्हणून गप्प राहिलो. फोड फुटला, आम्ही लंगडू लागलो, अंधार पडला आणि आमच्यापायी सातजण रात्री उशिरा मुक्कामी पोचले. पट्टी एकाच्या खिशातच होती. सुरुवातीलाच मागितली असती तर पाच मिनिटांचे काम होते. कुणी बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी चहाचे पैसे आम्हीच दिले.

त्या फिजीच्या शर्यतीत मार्क मेसी नावाचा एक अमेरिकन वकील होता. जुन्या इको-चॅलेंजमधला मुरलेला गडी. पण २०१८ साली त्याला विस्मरणाचा आजार, अल्झायमर, झाल्याचे निदान झाले. तरी तो उतरला, मुलाच्या, ट्रॅव्हिसच्या, संघातून. बरोबरच्या तिघांना शर्यत सुरू होण्याआधीच ठाऊक होते की आपला वेग कोण ठरवणार आहे. पोरगा स्वतः नामांकित धावपटू; दुसऱ्या संघातून गेला असता तर पुष्कळ पुढे दिसला असता. त्यांचा संघ अखेरपर्यंत पोचला नाही, वाटेतच थांबला. जिंकले न्यूझीलंडवाले, सहा दिवसांच्या आत, आणि एक लाख डॉलरचे बक्षीस घेऊन गेले. पण जिन्यातली पोरे बोलत होती ती मेसी बापलेकांबद्दल.

आता हा खेळ पैसेवाल्यांचा, हे लपवण्यात अर्थ नाही. सायकली, होड्यांचा सराव, विमानभाडे, महिनाभराची रजा. आमच्या वसाहतीतल्या कुठल्या घराला हे झेपणार? पोरांनाही ते कळते. मात्र नकाशा वाचणे, रात्रीचे चालणे, एकमेकांच्या पाण्याची बाटली तपासणे याला फारसा पैसा लागत नाही, आणि पोरांनी तेवढ्यापुरते सुरू केलेही आहे. चौघांचा गट केला आहे, त्यात तिसऱ्या मजल्यावरची बारावीतली मुलगी आहे. तिच्या आईने आधी नाही म्हटले होते. मग, कुणी मोठे माणूस बरोबर असेल तर, अशी अट घातली.

ते मोठे माणूस म्हणून आमचे नाव पुढे आले आहे. येत्या शनिवारी रात्री निघायचे ठरले. दोरी पोरे आणणार आहेत, टाचेची पट्टी आम्ही आजच आणून ठेवली.