भर उन्हातलं घुबड

मेळघाटातल्या सेमाडोहला आलेल्या पाहुण्याची नजर जमिनीवर असते. धुळीत पंजा उमटलाय का, बांबूत काही हललं का, एवढंच. सागाच्या शेंड्याकडे कुणी बघत नाही. आणि माझ्या मते मेळघाटातला सगळ्यांत नवलाचा रहिवासी नेमका तिथे, भर उन्हात, उघड्या फांदीवर बसलेला असतो. रानपिंगळा.

साधा पिंगळा आपल्या ओळखीचा. गावातल्या झाडाच्या ढोलीत राहणारा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतातच. अंगाने तो थोराड, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, नख्या दांडग्या. सरडे, सापसुरळ्या, उंदीर हे त्याचं जेवण, आणि शिकार बरीचशी दिवसाच. घुबडाच्या जातीला न शोभणारा कारभार! इतका समोर बसणारा पक्षी हरवेल कसा? पण हरवला, आणि तोही 113 वर्षं.

1873 मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने जमवले, शेवटचा 1884 मध्ये. त्यानंतर खात्रीची नोंद नाही. नाही म्हणायला एक होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षीसंग्राहकाने सांगितलं, की 1914 मध्ये आपण गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला एक मारला. पुरावा म्हणून भुसा भरलेला पक्षीही होता. साहेबाचा शब्द, त्यावर तारखेची चिठ्ठी. शंका कोण घेणार?

ती अमेरिकेच्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी घेतली. त्यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं, की तो डेव्हिडसन यांचाच जुना पक्षी. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उकलून नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. चोरी करावी तीही मेलेल्या घुबडाची!

मग त्यांनी मांडवीचा नाद सोडला आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह जुन्या, खऱ्या नोंदींच्या गावांकडे मोर्चा वळवला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ (तेव्हा धुळे जिल्हा) एका सकाळी तो दिसला. झाडाच्या उघड्या शेंड्यावर, उन्हात. फोटो आणि चित्रफीत निघेपर्यंत बसूनही राहिला.

पुढे मेळघाटातही तो सापडला, आणि आज त्याच्या ज्ञात वस्त्यांमध्ये इथली वस्ती मोठी गणली जाते. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, अधूनमधून मोकळं असलेलं सागाचं रान लागतं. ते इथे आहे. सेमाडोहवरून वाहणारी सिपना पुढे तापीलाच मिळते. म्हणजे खोटं बोलताना कर्नलसाहेबांनी नदी तेवढी बरोबर निवडली होती.