पत्रिकेत शिशाचा रकानाच नाही



मागच्या आठवड्यात मुलुंडला भाच्याकडे गेलो होतो. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात त्यानं पालक, माठ, मेथी लावलीय. पीक बघून बरं वाटलं. पण खुरप्यानं उकरलं, तर वीतभर खाली विटांचे तुकडे आणि जुन्या रंगाच्या खपल्या. म्हणजे पाडलेल्या इमारतीचा भराव!

"माती तपासलीस का रे?"

"मामा, तपासली की. सगळं उत्तम आहे," म्हणत त्यानं रिपोर्ट पुढं केला.

रिपोर्ट खोटा नव्हता. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेतही हेच बारा रकाने. शिसं, कॅडमियम कुठंच नाही. जमीन सुपीक किती ते पत्रिका सांगते, पिकलेलं खाण्याजोगं आहे का ते सांगत नाही.

घाटकोपर-मुलुंडचे लोक नाल्याच्या पाण्यावरच्या रुळाकडेच्या भाजीला नाक मुरडतात. मुरडा. पण तुमच्या भरावात काय आहे? घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आली २०१७ साली. शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली. त्याआधीचं शिसं मातीतच आहे. ते कुजत नाही, सहसा वाहूनही जात नाही. आणि गावाकडच्यांनी हसू नये, स्फुरदयुक्त खतांतून थोडं कॅडमियम आपल्याही रानात येतं.

गंमत बघा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. भाजीतल्या शिशालाही मर्यादा आहे. खताला कायदा, भाजीला कायदा, आणि मधली माती मात्र बेवारस!

खर्चाचं कारण मला पटत नाही. जस्त, लोह ज्या यंत्रावर मोजतात, त्यावर त्या त्या धातूचा दिवा बसवून शिसं, कॅडमियमही मोजता येतं. नमुना वेगळ्या पद्धतीनं तयार करावा लागतो, एवढंच. प्रत्येक शेताला नको. शहरातली बाग, भराव, हायवेचा कडा, कारखान्याच्या नाल्यावरचं रान, एवढ्यांना तरी हे दोन रकाने सक्तीचे करा.

तोवर भरावावर पालेभाजी नकोच. कॅडमियम पालकात चढतं, शिसं धुळीनं पानाला चिकटतं. खाली जाड कापड अंथरून वाफे उंच करा, खात्रीची माती भरा. वांगी, टोमॅटो, भेंडी त्यातल्या त्यात बरी. कंदमुळं टाळा. सामू आम्लाकडे असेल तर चुना द्या. खेळून आलेल्या पोरांचे हात धुवा, कारण शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं.

भाच्याला सांगितलं, शिशाचा रिपोर्ट येईपर्यंत पालक घरात शिजवायचा नाही. तो रागावला. रागावू दे. त्याची पोरगी चार वर्षांची आहे.